चौसष्ट उंबऱ्यांचं इंटरनेट

गेल्या वर्षी जानेवारीतल्या दुसऱ्या रविवारी सकाळी साडेदहा वाजता, घाटकोपर पश्चिमेच्या एका सोसायटीच्या हॉलमध्ये, आमच्या गावाच्या मुंबई मंडळाने एक लाख अठ्ठावीस हजार रुपये मंजूर केले. हजर होते मंडळाचे अध्यक्ष, खजिनदार म्हणून मी, माझा धाकटा भाऊ, अंधेरीच्या एका वितरक कंपनीचा प्रतिनिधी आणि एक्केचाळीस सभासद. रक्कम गावात उपग्रहावरून इंटरनेट आणण्यासाठी होती. दर उंबऱ्यामागे दोन हजार, उंबरे चौसष्ट. विरोधात एकही हात वर झाला नाही.

हे सगळं मंडळाच्या वहीत माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे. आकड्यात चूक नाही. चौसष्ट गुणिले दोन हजार म्हणजे एक लाख अठ्ठावीस हजारच होतात.

मंडळ म्हणजे काय, हे ज्यांचं गाव कोकणात नाही त्यांना सांगायला हवं. आमच्या गावातली माणसं दोन-तीन पिढ्या मुंबईत आहेत. आजोबा-वडील गिरणीत होते, आम्ही मुलुंडपासून बोरिवलीपर्यंत पसरलो. गावात देवळाचं छप्पर बदलायचं असो की पाण्याची टाकी बांधायची असो, पैसे मुंबईतून जातात, आणि ते माणशी नाही, उंबऱ्यामागे गोळा होतात. एक घर म्हणजे एक उंबरा. त्या घरचे चार भाऊ चार उपनगरांत राहत असले तरी मंडळाच्या लेखी तो एकच उंबरा, आणि चौघांनी मिळून त्याची वर्गणी भरायची. वर्गणी ठरली की कोणी नाही म्हणत नाही. नाही म्हटलं तर गणपतीत गावाला गेल्यावर तोंड दाखवायचं कसं? माझ्याकडे तेव्हा चौदा वर्षं खजिनदारपद होतं. त्या चौदा वर्षांत चौसष्टपैकी एकाही उंबऱ्याची वर्गणी थकली नव्हती. मला या गोष्टीचा अभिमान होता, आणि पुढे जे झालं ते याच अभिमानामुळे झालं.

माझी नोकरी एका औषध कंपनीच्या गोदामाचा हिशेब ठेवण्याची. राहतो मुलुंडला. भाऊ माझ्याहून सात वर्षांनी लहान, घाटकोपरला डोंगरउतारावरच्या चाळींत त्याची लाईन होती. आधी केबल टीव्हीची, मग इंटरनेटची. वरून घाऊक घ्यायचं आणि खाली घरोघर वाटायचं, असा तो धंदा. एका गिऱ्हाइकाकडून महिन्याला सरासरी चारशे वीस रुपये यायचे. त्यातले दोनशे सत्तर वर जायचे, दीडशे त्याच्याकडे उरायचे. वायर, पेट्या, वीजबिल वजा जाता पंचवीस-सव्वीस हजार घरी यायचे. वसुलीला तो स्वतः फिरायचा. दोन बोटांच्या मागच्या बाजूने दार वाजवायचा, नाव न घेता नुसतं “केबल” म्हणायचा आणि जिना चढत राहायचा. कोणाच्या घरी बाळंतीण आहे, कोणाचा पगार दहा तारखेला होतो, कोण दार उघडत नाही पण आतून टीव्हीचा आवाज येतो, हे त्याला पाठ होतं. त्याने वही कधी ठेवली नाही, आणि मी त्याला त्यावरून नेहमी बोलायचो.

त्याची एके काळची तीनशे चाळीस कनेक्शनं तेव्हा दोनशे बारावर आली होती. एका मोठ्या कंपनीने गल्लीत फायबर टाकली होती आणि पहिले दोन महिने फुकट देत होती. त्याच कंपनीने त्याची उरलेली लाईन विकत मागितली होती. कनेक्शनमागे अडीच हजार, म्हणजे पाच लाख तीस हजार. तो टाळत होता. दिवाळीनंतर एकदा मुलुंडला आला आणि म्हणाला की आणखी तीन वर्षांत काही उरणार नाही, पण आत्ता विकून पुढे काय करायचं हेही दिसत नाही.

हे ‘पुढे काय’ मी शोधून दिलं. उपग्रहाच्या इंटरनेटबद्दल वर्तमानपत्रात रोज काहीतरी येत होतं. कुणाला परवाना मिळाला, कुणाचा अडला, सरकारला लहरींचे किती पैसे द्यायचे ते अजून ठरायचंय, असं सगळं. मी ती कात्रणं ठेवत होतो. खड्डा खणायचा नाही, खांब उभा करायचा नाही, छपरावर एक तबकडी लावली की झालं, हे मला पटलं होतं. आमच्या गावात डोंगराच्या आड मोबाईलला सिग्नलची एकही रेघ येत नाही. फोन करायचा तर देवळामागच्या चढावर जाऊन उभं राहावं लागतं. अशा ठिकाणी हे चालणार नाही तर कुठे चालणार?

डिसेंबरात आम्ही दोघं अंधेरी पूर्वेला त्या वितरक कंपनीच्या ऑफिसात गेलो. सेवा सुरू व्हायची होती, त्याआधी तालुक्या-तालुक्याला प्रतिनिधी नेमले जात होते. अनामत तीन लाख. तिथल्या माणसाने भिंतीवर नकाशा दाखवला. जिथे वायर पोचलेली नाही ते सगळं लाल. कोकणाचा बराच भाग लाल होता. तो म्हणाला, लाल दिसतं आहे ते सगळं मार्केट आहे. मी त्याला परवान्याचं, दराचं, बिघाडाचं, पावसात किती चालतं याचं, असं सगळं विचारलं. करारनामा घरी आणून दोनदा वाचला. त्यात अठरावं कलम होतं. प्रतिनिधीने स्वतःहून करार मोडला तर भरलेल्या रकमेतून चौथा हिस्सा कापला जाईल. मी त्याच्यापुढे पेन्सिलने खूण केली आणि भावाला म्हटलं, हे आपल्याला लागू होणार नाही.

मग मी एक कागद केला. तो अजून माझ्याकडे आहे. एका तबकडीवरून वायर ओढून सोळा घरांना देता येईल, आणि वायर ओढणं हे तर भावाचं आयुष्यभराचं काम. गावच्या वाड्या चार, प्रत्येक वाडीत सोळाच्या आसपास घरं, म्हणून तबकड्या चार. एकीचे कंपनीला महिन्याला पाच हजार, चारींचे वीस हजार. घरामागे सहाशे रुपये घेतले तर चौसष्ट घरांचे अडतीस हजार चारशे. वीस हजार आणि देखभालीचे दोन हजार चारशे वजा जाता सोळा हजार उरतात. शेजारची तीन गावंही अशीच, त्यांचीही मुंबईत मंडळं आहेत, त्यांचेही उंबरे मोजलेले आहेत. चार गावं मिळून चौसष्ट हजार. दोनशे बारा जिने न चढता, लाईनच्या अडीचपट.

बायकोने तो कागद जेवणाच्या टेबलावर पाहिला. ती विदर्भातली, आमच्या गावाशी तिचा संबंध लग्नानंतरचा. पण माझी आई गावाला असताना तिचं मांडीचं हाड मोडलं, तेव्हा जून महिन्यात बायको एकटी सोळा दिवस तिथे राहिली होती. ती मला म्हणाली, “अहो, चौसष्ट घरं लिहिलीत. चुली किती घरांत पेटतात?”

मी तिला मागच्या वर्गणीचं पावतीपुस्तक दाखवलं. एक ते चौसष्ट, सगळ्या पावत्या फाटलेल्या. ती म्हणाली, “ते मला माहीत आहे,” आणि भांडी आत घेऊन गेली. मी तिच्या मागे गेलो नाही. तिचा गावावर राग आहे, अशी मी माझी समजूत करून घेतली.

जानेवारीची सभा त्यानंतरची. अंधेरीचा माणूस छान बोलला. मागून कोणीतरी म्हणालं की आता गावच्या म्हशी पण रील्स बघतील, त्यावर सगळे हसले. अध्यक्ष नात्याने आमचे काका, वय शहात्तर, गिरणी बंद पडल्यावर त्यांनी पंचवीस वर्षं भाजीची गाडी लावलेली. त्यांनी माझा कागद चष्मा न लावता हातात धरला आणि म्हणाले, “तू लिवलंस मां? मग ता बरोबरच असतला.” हात वर झाले. महिनाभरात चौसष्टही उंबऱ्यांचे दोन-दोन हजार जमा झाले. एवढ्या लवकर देवळाच्या छपराचेही जमले नव्हते. त्यावरून मला वाटलं की मागणी जबरदस्त आहे.

फेब्रुवारीत भाऊ पुन्हा मुलुंडला आला. मोठ्या कंपनीचा कागद त्याच्या हातात होता, सही बाकी होती. तो बराच वेळ बसला. चहा दोनदा झाला. मग त्याने विचारलं, “दादा, तू सांग. विकू ना लाईन?”

मी त्याला असं म्हणू शकलो असतो की थांब, आधी तिकडे जाऊन ये. असंही म्हणू शकलो असतो की निम्मी विक. मी म्हणालो, “माझं मत कशाला विचारतोस? आकडे बघ ना.”

त्याने आकडे पाहिले नाहीत, माझ्याकडे पाहिलं. चार दिवसांनी त्याने सही केली. पाच लाख तीस हजार आले. त्यातले तीन लाख अनामत म्हणून अंधेरीला गेले. चार तबकड्यांचे पस्तीस हजारांप्रमाणे एक लाख चाळीस हजार होत होते. मंडळाचे एक लाख अठ्ठावीस आणि त्याचे बारा घालून तेही भरले. त्याच्याकडे दोन लाख अठरा हजार राहिले आणि करायला काहीही काम राहिलं नाही.

सेवा एप्रिलमध्ये सुरू होणार होती. मग पावसाच्या आधी, मग दसऱ्याला. अंधेरीचा माणूस खोटं बोलत होता असं मी म्हणणार नाही, त्यालाही वरून तेच सांगत होते. वर्तमानपत्रात अजून दर ठरायचे होते. भाऊ घरी बसला. चाळीतल्या लोकांना सवय, नेट बंद पडलं की ते त्यालाच फोन करायचे. हा सांगायचा की लाईन आता माझी नाही, तरी ते म्हणायचे शेठ, एकदा येऊन बघा ना. पहिले काही महिने तो जाऊन फुकट बघून द्यायचा. नंतर त्याने जुना नंबर बंद केला. घरखर्च आणि मुलीच्या कॉलेजची फी त्या दोन लाख अठरा हजारांतून जात होती. सप्टेंबरात किती उरलेत, हे मी त्याला विचारलं नाही.

गणपतीला आम्ही गावाला गेलो, तेव्हा गाव नेहमीसारखं भरलेलं होतं. प्रत्येक अंगणात चपलांचा ढीग. चार घरांत दोन-दोन गाद्या कमी पडल्या म्हणून आमच्याकडून नेल्या. मी भावाला म्हटलं, बघ, एकेका घरात बारा-बारा फोन आहेत. तोही हसला. त्या वर्षातलं त्याचं तेवढंच हसणं मला आठवतं.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात अंधेरीहून फोन आला. चाचणीसाठी काही गावं निवडली आहेत, तुमचं त्यात आहे, तबकड्या कुठे बसवायच्या ती जागा ठरवून नकाशा द्या आणि प्रत्येक गिऱ्हाइकाची सही आणा. मी चार दिवसांची रजा टाकली आणि आम्ही दोघं गेलो. मंगळवारी सकाळी पोचलो.

मी त्रेपन्न वर्षांचा आहे. या गावाला मी जन्मापासून जातो आहे. आधी मे महिन्याच्या सुट्टीत, पुढे गणपतीत आणि शिमग्यात. डिसेंबरातला साधा मंगळवार मी तिथे कधी पाहिला नव्हता. आमच्यातल्या कोणीच पाहिला नव्हता.

भाऊ त्याच्या पद्धतीने कामाला लागला. माझ्या हातात उंबऱ्यांची यादी, तो पुढे. पहिल्या दाराला कुलूप होतं. दुसऱ्याला कुलूप. तिसऱ्याला कुलूप नव्हतं, त्याने दोन बोटांनी दार वाजवलं, सवयीने “केबल” म्हणाला, आणि आतून कोणी आलं नाही. फटीतून पाहिलं तर कडीला आतून दोरी बांधलेली होती, मागच्या दाराने घर बंद करून सगळे गेलेले. अंगणात पातेऱ्याचा, वाळक्या पानांचा थर, त्यावर माणसाचं पाऊल नाही. चौथ्या घरी एक म्हातारी बाहेर आली. मी यादीत खूण केली.

दुपारी दीडपर्यंत आम्ही चारही वाड्या फिरलो. कुठेच त्याने दार वाजवायचं टाळलं नाही. कुलूप दिसत असतानाही तो वाजवायचा, मग थोडं थांबायचा, मग माझ्याकडे न बघता पुढे जायचा. शेवटच्या वाडीत मी त्याला म्हटलं, अरे, कुलूप आहे ना, कशाला वाजवतोस. तो म्हणाला, “यादीत आहे ना तुझ्या?”

चौसष्टपैकी एकोणीस दारं उघडली. त्यातल्या अकरा घरांत एकेकटं माणूस होतं.

आमची एक लांबची आत्या देवळाजवळ राहते, तिचा मुलगा मुंबईत. तिच्या पडवीत बसून मी नवा हिशेब केला. एकोणीस गुणिले सहाशे, अकरा हजार चारशे. घरं कमी झाली तरी तबकड्या कमी होत नव्हत्या, कारण ती एकोणीस घरं चार वाड्यांत विखुरलेली, आणि दोन वाड्यांच्या मध्ये ओढा. म्हणजे कंपनीचे वीस हजार तसेच. देखभाल न धरताही दर महिन्याला आठ हजार सहाशे खिशातून. आणि ही एकोणीस घरंही सहाशे रुपये देतील, हे धरून.

आत्याला मी विचारलं की तू घेशील का गं. ती सुपारी कातरत होती. तिला वाटलं मी विकायला आलोय म्हणून आधी तिने पदर सावरून नीट ऐकून घेतलं. मग म्हणाली, “माका कित्याक? झिलाचो फोन इलो की मी चढावर जातंय. तेवढाच चालणा होता.” थोड्या वेळाने म्हणाली, “तुमी मुंबैवाले सगळे इल्यार गाव दिसता. मगे आमी एकोणीस चुली.”

तिला आकडा पाठ होता. सरपंचाला, पोस्टमनला, एसटीच्या कंडक्टरला, सगळ्यांना पाठ असणार. माझ्या बायकोलाही अंदाज होता. फक्त चौदा वर्षं एक पैशाची चूक न केलेल्या खजिनदाराला नव्हता. ज्यांनी दोन हजार दिले होते त्यांनी कनेक्शन घेतलं नव्हतं. मंडळाने सांगितलं म्हणून त्यांनी वर्गणी दिली होती, देवळाच्या छपराला देतात तशी. मी वर्गणीदार मोजले आणि त्यांना गिऱ्हाईक म्हणून लिहिलं.

परत येताना पनवेलपर्यंत माझ्या डोक्यात एकच विचार फिरत होता. अंधेरीच्या भिंतीवरचा तो लाल नकाशा खोटा नव्हता. वायर नव्हती हे खरं होतं. पण जिथे माणसं राहतात तिथे वायर आधीच पोचली आहे, माझ्या भावाच्या चाळीत तर ती तिसऱ्यांदा पोचली. आणि जिथे पोचली नाही तिथली माणसं कधीच उठून त्या चाळीत राहायला आली आहेत. गिऱ्हाईक शोधायला आम्ही घाटकोपर सोडून गावाला गेलो, आणि गावातलं गिऱ्हाईक घाटकोपरला आमचीच लाईन वापरत होतं. हा धंदा कुठेतरी चालतही असेल. जहाजांवर चालेल, लष्कराला लागेल, डोंगरातल्या हॉटेलांना परवडेल. चार वाड्यांत एकोणीस चुली असलेल्या गावात सहाशे रुपयांनी तो चालणार नाही, आणि हे कळायला उपग्रहाचं ज्ञान लागत नव्हतं. एका मंगळवारची रजा टाकायला हवी होती, ती एक वर्ष आधी.

तरी मी एक प्रयत्न केला. पंधरा दिवस मी मुंबईतल्या उंबऱ्यांना फोन केले. घर बंद असलं तरी महिना सहाशे भराल का, आई-वडिलांसाठी, गावासाठी? बोरिवलीचा एक सभासद मला म्हणाला, “अहो, आम्ही तिथे राहतो कुठे? गणपतीचे पाच दिवस चालू करा. पाच दिवसांचे किती ते सांगा, लगेच पाठवतो.” सहाशेला तीसने भागून पाचने गुणलं तर शंभर रुपये होतात. बहुतेकांनी या ना त्या शब्दांत हेच सांगितलं. सह्या सात आल्या.

या वर्षी जानेवारीत पुन्हा सभा झाली. त्याच हॉलमध्ये. या वेळी अठ्ठावन्न जण आले. मी उभा राहून सगळे आकडे वाचून दाखवले, काही लपवलं नाही. वर्गणी दिल्यावर परत मागायची आमच्यात पद्धत नाही, पण ही वर्गणी नव्हती, हे आता सगळ्यांच्या लक्षात आलं होतं. कोणी आवाज चढवला नाही, पण तिरकं बोलत होते. एक जण म्हणाला, खजिनदारांचा हिशेब म्हणून आम्ही डोळे मिटून दिले. दुसऱ्याने विचारलं की एवढ्या मुंबईत धंद्याला खजिनदारांना स्वतःचा भाऊच सापडला का. तिसरा म्हणाला की असू दे रे, म्हशींनी रील्स तरी बघितले का ते विचार. अध्यक्षांनी मागच्या वर्षीचा माझा कागद खिशातून काढून टेबलावर ठेवला आणि माझ्याकडे सरकवला.

करार आम्ही मोडत होतो, म्हणून अठरावं कलम लागू होणार होतं. मंडळाच्या एक लाख अठ्ठावीस हजारांतूनही चौथा हिस्सा, बत्तीस हजार, जाणार होते. ते कोणी सोसायचे, हा प्रश्न उभा राहिला. मी वही लिहीत होतो.

भाऊ मागच्या रांगेतून उठला. म्हणाला, “मंडळाचा एक रुपया बुडणार नाही. कापतील ते माझ्यातून कापतील.”

मी ते वाक्य जसंच्या तसं वहीत उतरवून घेतलं. पेन खाली ठेवून “नाही, चूक माझी आहे, बत्तीस हजार मी भरतो” असं म्हणायला मला अर्धं मिनिट मिळालं होतं. समोर अठ्ठावन्न माणसं होती. मला वाटलं, मी पैसे भरले तर भावाला धंदा मिळवून देण्यात माझा स्वार्थ होता, असं हे म्हणतील. असं काहीतरी कारण मी त्या वेळी शोधलं. पुढचा विषय देवळाच्या रंगाचा होता, अध्यक्षांनी तो घेतला.

फेब्रुवारीअखेर अंधेरीहून पैसे आले. भरलेले चार लाख चाळीस हजार, त्यातून एक लाख दहा हजार कापून तीन लाख तीस हजार. ज्या दिवशी ते भावाच्या खात्यात आले त्याच दिवशी त्याने मंडळाला एक लाख अठ्ठावीस हजार पाठवले. पोचपावती मला फाडावी लागली, कारण खजिनदार अजून मीच होतो. रक्कम अक्षरी लिहिली, सही केली आणि फोटो त्याला पाठवला. दोन निळ्या खुणा आल्या, उत्तर आलं नाही. महिन्याच्या सभेत मी राजीनामा दिला. तो चर्चा न करता मंजूर झाला.

भावाला तोपर्यंत काम मिळालं होतं. ज्या मोठ्या कंपनीने त्याची लाईन घेतली, तिच्या कंत्राटदाराकडे. पगार साडेसतरा हजार, कंपनीचा टी-शर्ट, फोनवर तक्रार आली की चार तासांच्या आत जायचं. इलाखा तोच दिला, कारण त्याला जिने माहीत आहेत. चाळीतल्या एकाने त्याला टी-शर्टमध्ये पाहून विचारलं, “काय शेठ, नोकरीला लागलात?” हे मला त्याने नाही सांगितलं. त्याच्या मुलीने माझ्या मुलीला सांगितलं.

मार्चमध्ये मी बत्तीस हजारांचा चेक लिहिला आणि एका शनिवारी दुपारी घाटकोपरला गेलो. तो कामावर असेल हे मला माहीत होतं, त्यासाठीच शनिवार निवडला असावा. दार त्याच्या बायकोने उघडलं. पाणी दिलं, बसा म्हणाली. मी चेक टेबलावर ठेवला आणि कशाचे ते सांगितलं. मंडळाचे जे कापले गेले ते माझ्या चुकीचे होते, ते त्याने भरायचं कारण नव्हतं.

तिने चेक उचलून नाव वाचलं. भावाचं होतं. म्हणाली, “भाऊजी, हा चेक ते बँकेत भरणार नाहीत. माझ्या नावाने द्या, मी भरते.”

मी तो फाडला आणि तिच्या नावाने दुसरा लिहिला. तिने तो घडी न घालता फ्रिजवरच्या डब्याखाली ठेवला. मग उभ्यानेच विचारलं, “हे मंडळाचे झाले. लाईनचे किती लावलेत तुम्ही?”

मला आकडा येत होता. महिना सव्वीस हजार आणि साडेसतरा हजार, फरक साडेआठ हजार. शिवाय वर्षभराचं घरी बसणं, अंधेरीत कापलेले एक लाख दहा हजार. त्यातून लाईन नाहीतरी तीन वर्षांत संपलीच असती, या हिशेबाने काही वजा करता येईल. हे सगळं मी तिथल्या तिथे तोंडी करू शकलो असतो. मी म्हणालो, “ते त्याच्याशी बोलतो.”

“बोला,” ती म्हणाली. “तुमचा फोन ते उचलत नाहीत, पण बोला.”

त्यानंतर मी त्याला चार वेळा फोन केला. मेमध्ये त्याच्या मुलीच्या निकालाच्या दिवशी तो आमच्याकडे पेढे घेऊन आला, बायकोशी अर्धा तास बोलला, मला नमस्कार केला आणि गेला. लाईनचा विषय मी काढला नाही.

शेवटी झालं ते एवढं. मंडळाला एक लाख अठ्ठावीस हजार परत मिळाले, भावाकडून. अंधेरीच्या कंपनीने एक लाख दहा हजार ठेवून घेतले. भावाच्या बायकोला मी बत्तीस हजार दिले, तो चेक एप्रिलच्या तीन तारखेला वटला. लाईनपोटी मी कोणाला काही दिलेलं नाही.